कुंचीतले सीमोल्लंघन

अकोल्यात एखाद्या घरी बाळ जन्माला आले आणि त्याचा बाप टोरांटो, म्युनिक किंवा डॅलस येथे नोकरीला असला, की त्या बाळाने परदेशी केव्हा जावे हा प्रश्न आईवडिलांपुरता राहत नाही. तो जठारपेठेपासून डाबकी रोडपर्यंत पसरलेल्या सोयऱ्याधायऱ्यांचा, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींचा आणि ज्याच्या दुकानातून डिंक व खारीक येते त्या दुकानदाराचाही होऊन बसतो. या सर्वांना मते असतात, ती ठाम असतात, आणि ज्याने विमान फक्त आकाशात पाहिले आहे त्याचे मत सर्वांत ठाम असते, असे थोड्या निरीक्षणाअंती ध्यानात येते.

मुळात हा प्रश्न उद्भवतो तो दोन नियमांच्या गाठीभेटीतून. पहिले बाळंतपण माहेरी, हा रूढीचा नियम. आणि साधारणतः २८ ते ३२ आठवड्यांनंतर गर्भवतीकडे डॉक्टरांचे पत्र मागायचे व ३६ आठवड्यांच्या सुमारास तिला विमानात घ्यायचेच नाही, हा बहुतेक विमान कंपन्यांचा नियम. परिणामी परदेशस्थ लेक सातव्या महिन्यात माहेरी पोचते, तिची आई त्या आगमनाचे श्रेय डोहाळजेवणाच्या रीतीला देते, विमान कंपनी ते आपल्या नियमावलीला देते, आणि बाळ रामदासपेठेतल्या एखाद्या दवाखान्यात जन्म घेऊन मोकळे होते. अडचण एवढीच असते की जावयाने परतीचे तिकीट स्वस्त मिळाले म्हणून चार महिने आधीच काढून ठेवलेले असते. ही बातमी बारशाच्या घुगऱ्या वाटून होईपर्यंत गुप्त राखली जाते. बारसे म्हणजे बाराव्या दिवशीचा पाळणा व नामकरण, आणि घुगऱ्या म्हणजे त्या दिवशी पाहुण्यांना द्यायचे उकडलेले हरभरे. घुगऱ्या खाऊन पाहुणे पांगले की तिकिटाची तारीख उघड होते, आणि मग वादाला तोंड फुटते.

वादाचा पहिला मुद्दा काळाचा असतो. सोयर, म्हणजे जन्मामुळे घराला लागणारे दहा दिवसांचे अशौच, फिटले तरी बाळंतीण सव्वा महिना खोलीबाहेर पडत नाही. ती बाजेवर असते, बाजेखाली शेगडी असते, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी असते, आणि या धुरीतून वाट काढत येणाऱ्या प्रत्येक पाहुणीच्या हाती अळिवाचा लाडू ठेवला जातो. आयुर्वेदाने सूतिकाकाल, म्हणजे प्रसूतीनंतर आईच्या शरीराला पूर्ववत होण्यास लागणारा काळ, दीड महिन्याचा सांगितला आहे. आधुनिक वैद्यक सहा आठवडे म्हणते. तिन्ही आकडे इतके जवळ आहेत की भांडणाला वाव राहू नये. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो, विशेषतः शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल तर, आणि नऊ-दहा तास पाय दुमडून एका जागी बसल्याने त्या धोक्यात भर पडते, म्हणून डॉक्टरही थांबायला सांगतात. आजीचे कारण निराळे असते. तिच्या मते या काळात बाळंतिणीचे अंग कच्चे असते, आणि कच्चे म्हणजे नेमके काय, असे विचारणारा जावई पुढे दोन दिवस वरणात तूप कमी असल्याची तक्रार करू शकत नाही. डॉक्टर आपल्या बाजूने आहेत एवढे कळले की आजी समाधानाने उठते. सहा आठवड्यांनंतर, बाळाची त्या वेळची लस टोचून झाल्यावर, जायला हरकत नाही, हा डॉक्टरांच्या वाक्याचा उत्तरार्ध उच्चारला जाईपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचलेली असते आणि तिथून तिला काही ऐकू येत नाही.

शास्त्राचा आधार हवाच असेल तर तोही उपलब्ध आहे. सोळा संस्कारांपैकी निष्क्रमण हा संस्कार, म्हणजे बाळाला प्रथमच घराबाहेर नेऊन सूर्यदर्शन घडवणे, मनुस्मृतीने चौथ्या महिन्यात सांगितला आहे. शास्त्रकारांच्या नजरेसमोर अंगण होते हे उघड आहे. फ्रँकफर्टला विमान बदलावे लागल्यास सूर्यदर्शन कोणत्या खिडकीतून घ्यावे, याविषयी त्यांनी काही लिहून ठेवलेले नाही. तरीही चौथ्या महिन्याचा हा दाखला घराघरांत उपयोगी पडतो, कारण तो तिकिटाची तारीख निदान दोन महिने पुढे ढकलतो, आणि ती ढकलण्यासाठी विमान कंपनी जो दंड घेते तो मनूला भरायचा नसतो.

दुसरा मुद्दा हवेचा. हा मुद्दा समजण्यासाठी अकोल्याचा उन्हाळा ठाऊक असावा लागतो, आणि तो ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की राज्यभरच्या वर्तमानपत्रांत अकोल्याचे नाव येते, एरवी ते येतेच असे नाही. अशा दिवसांत दुपारी तीन वाजता घरातले दृश्य असे असते: कूलर चालू आहे, आजोबा बनियनवर आहेत, फरशीवर पाणी शिंपडले आहे, आणि कूलरच्या झोतापासून चार हात दूर, डोक्याला लोकरीचे टोपडे आणि त्यावर कुंची, म्हणजे टोपीला जोडलेले पाठभर लोंबणारे वस्त्र, अशा पोशाखात बाळ लालबुंद होऊन रडते आहे. ते उकाड्याने रडत असावे, अशी शंका त्याच्या आईने व्यक्त केली तर उत्तर येते, “लेकराले हवा लागन ना व माय!” या सिद्धान्तात हवा लागण्याचा तापमानाशी संबंध नसतो. त्यामुळे टोरांटोत जानेवारीत कधी कधी उणे १५ अंश असतात हे ऐकून आजी दचकत नाही. जिथे साधी हवा लागू शकते तिथे उणे पंधराचे विशेष ते काय, असा तिचा रोख असतो. घरात हीटर असतो असे सांगितले तर हीटरने लेकराचे नाक सुकते, ही माहिती तिच्याकडे तयार असते, आणि ती खरीही असते, हेच तिच्याशी वाद घालण्यातले मोठे संकट आहे.

कानांचा मुद्दाही असाच अर्धा खरा. उंचीवर उडणाऱ्या विमानाच्या आतला हवेचा दाब साधारणतः १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका राखतात. वऱ्हाडी परिमाणात सांगायचे तर चिखलदऱ्याच्या दुप्पट उंचीवर जाऊन बसल्यासारखे होते. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी बाळात अरुंद असते, त्यामुळे दाब बदलताना, विशेषतः विमान उतरताना, बाळाचे कान दुखतात. त्या वेळी त्याला अंगावर पाजले की गिळण्याच्या क्रियेने ती नळी उघडते आणि दुखणे कमी होते. हे सगळे जावयाने भ्रमणध्वनीवर चित्र दाखवून समजावून दिल्यावर सासूबाई शांतपणे म्हणतात, “बरं बापा, तुमी म्हनसान तसं.” वऱ्हाडात हे वाक्य होकारार्थी समजणारा जावई अजून नवा आहे असे मानतात.

एवढ्यावर भागत नाही, कारण या साऱ्या चर्चेत एक गोष्ट राहून गेलेली असते, ती म्हणजे बाळाचा पासपोर्ट. आणि पासपोर्टला नाव लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून पासपोर्टसाठी जन्मदाखला हाच एक कागद चालतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि नाव ठरले नसेल तर दाखल्यावर ते वर्षभरात विनाशुल्क चढवून घेता येते. कायदा करणाऱ्यांनी दिलेली ही वर्षभराची सवलत पाहता त्यांच्या घरीही आत्याबाई असाव्यात. बाळाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा, ही रीत सर्वज्ञात आहे. पण आत्या अमरावतीला, तिने काढलेले नाव जन्मपत्रिकेतल्या अक्षरावरून, त्या अक्षरावरून सुरू होणारी नावे मोजकीच, त्यांतले एक दिवंगत चुलत आजोबांचे आणि दुसरे परदेशातल्या कचेरीतल्या लोकांच्या जिभेवर न बसणारे, अशी स्थिती असते. जावयाला दोन अक्षरांचे, कुठल्याही देशात चालेल असे नाव हवे असते. आजोबांना ‘गजानन’ हवे असते, कारण शेगाव तासाभराच्या अंतरावर आहे आणि नवस तिथेच बोललेला आहे. अखेर पाळण्यातले नाव एक, हाक मारायचे नाव दुसरे आणि पासपोर्टवरचे तिसरे, असा तह होतो, आणि बाळ पहिल्या महिन्यातच, सराईत गुन्हेगारांना वयाच्या चाळिशीपर्यंत जमते तितकी नावे धारण करते.

पासपोर्टच्या फोटोचे प्रकरण स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. नियम असा की पार्श्वभूमी पांढरी हवी, चेहरा समोर हवा, डोळे उघडे हवेत आणि चौकटीत दुसऱ्या कोणाचा हातसुद्धा दिसता कामा नये. ज्या वयात मानेला धर नसतो आणि दिवसाचे सोळा तास झोपेत जातात, त्या वयाला ही अट घालणाऱ्याने बाळ पाहिले असावे पण घेतले नसावे. टिळक रोडवरच्या एखाद्या स्टुडिओत आजी, आई, मामा आणि कुंचीतले बाळ असे चौघे शिरतात, तेव्हा फोटोग्राफर सरावाने एक पांढरी चादर काढतो. ती चादर आईच्या अंगावर टाकली जाते, बाळ चादरीवर बसवल्यासारखे धरले जाते, म्हणजे कागदोपत्री ते पांढऱ्या भिंतीसमोर स्वतःच्या बळावर बसलेले असते. मामा कॅमेऱ्यामागे खुळखुळा वाजवतो. बाळ खुळखुळ्याकडे न पाहता ट्यूबलाइटकडे पाहते. मग फोटोग्राफर म्हणतो, “काकू, हे काजळ पुसा लागन.” येथे क्षणभर शांतता पसरते. कपाळावरची तीट, म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून लावलेला काळा टिकला, तो पुसून फोटो काढायचा, आणि तो फोटो पुढे पाच वर्षे निरनिराळ्या देशांचे अनोळखी अधिकारी टक लावून पाहणार, ही कल्पना आजीला पेलत नाही. तडजोड अशी निघते की तीट कपाळावरून पुसून तळपायाला लावली जाते, कारण पासपोर्टच्या फोटोत तळपाय येत नाहीत. घरी आल्यावर मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली जाते, आणि मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून आजीची खात्री पटते की फोटोग्राफरचीच दृष्ट लागली.

पासपोर्टनंतर व्हिसा. अमेरिकेने २०२५ साली चौदा वर्षांखालील मुलांना मिळणारी मुलाखतीची सर्वसाधारण सूट काढून घेतल्यामुळे, आता दोन महिन्यांच्या अर्जदारालाही मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत जातीने हजर राहण्याची वेळ येऊ शकते. त्याआधी भरायच्या अर्जात, आपण कधी दहशतवादी कृत्यांत भाग घेतला आहे काय वा घेण्याचा विचार आहे काय, असा प्रश्न प्रत्येक अर्जदाराला विचारलेला असतो. बाप ‘नाही’ यावर खूण करतो. तो रात्री दोन ते पाच या वेळात घोरत असल्यामुळे त्याचे हे उत्तर सद्भावनेने दिलेले मानावे लागते. आजीच्या दृष्टीने मात्र हा सारा खटाटोप दुय्यम आहे, कारण पाचव्या रात्री सटवाईने येऊन बाळाच्या कपाळी जे लिहायचे ते लिहिलेले असते, त्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवलेली असते, आणि त्या लेखात परदेशयोग असेल तर वकिलातीतला साहेब नाही कसा म्हणणार, हा तिचा रोकडा सवाल असतो. व्हिसा नाकारला गेला तर त्याच लेखाचा आधार घेऊन तिला आनंदही लपवता येतो.

आता प्रवासाचा मार्ग. अकोल्याला शिवणी येथे विमानतळ आहे, तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे, आणि त्याची धावपट्टी वाढवण्याचा विषय अकोलेकरांच्या कित्येक पिढ्यांना चर्चेसाठी पुरलेला आहे. नियमित प्रवासी विमान मात्र तिथून उडत नाही. शेजारच्या अमरावतीत बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचे विमान सुरू झाले, तेव्हापासून अमरावतीकर व्याही बोलता बोलता ‘आमच्या एअरपोर्टवरून’ असे म्हणू लागले आहेत आणि अकोल्याच्या विहिणीला ते ऐकू येऊ लागले आहे. बाळासह मुंबई गाठायची तर बहुधा विदर्भ एक्स्प्रेस धरतात: रात्री अकोल्यात बसायचे आणि सकाळी मुंबईत उतरायचे. येथे संशोधकाला चकित करणारी एक बाब आढळते. याच आजीने विमानातल्या गारठ्याला, दाबाला, अनोळखी माणसांच्या श्वासांना आणि बाळाला हातावर घेऊन बसण्याला जे जे आक्षेप घेतले, त्यांतला एकही आक्षेप रेल्वेला लागू होत नाही. वातानुकूलित डब्यातल्या थंड झोताला हवा लागणे म्हणत नाहीत. शिवाय भुसावळला गाडी थांबली की आजीची मावसबहीण डबा घेऊन फलाटावर आलेली असते, पाच मिनिटांत बाळाला खिडकीतून, दारातून आणि अखेर प्रत्यक्ष हातात घेऊन पाहते, आणि बाळाच्या मुठीत पाचशेची नोट कोंबून जाते. हे दृश्य फ्रँकफर्टला घडण्याची शक्यता नाही, आणि आक्षेपांचे मूळ तिथेच शोधावे लागते.

लहानग्यांनी समुद्र ओलांडणे ही काही या शतकाची टूम नव्हे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा नुकती दोन वर्षांची झाली होती; बोटीचा प्रवास काही आठवड्यांचा होता, आणि त्यासाठीचा पैसा रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून उभा केला होता. त्यांचे आईवडील, भाऊ आणि पती तोवर वारलेले होते. पुण्यात टीका करणारे पुष्कळ होते, पण टीकाकारांना दाराशी आडवे बसता येत नाही. हा इतिहास शिकलेल्या नातीने आजीला वाचून दाखवला असता, आजी पदराने चष्मा पुसत जे विचारते, त्यावर कोणत्याही इतिहासकाराला उत्तर सुचलेले नाही: “तिची माय असती तं जाऊ देलं असतं का तिनं?”

या एका प्रश्नात कान, हवा, कच्चे अंग, मनू आणि सटवाई यांची एकत्रित उकल होते. ‘तू जाऊ नकोस, मला करमणार नाही’ असे सरळ म्हणण्याची सोय वऱ्हाडी घरांत लेकीच्या आईला नाही. लेक परक्याचे धन असल्याचे तिनेच पंचवीस वर्षे सर्वांना ऐकवलेले असते. म्हणून ती बाळाच्या कानांबद्दल बोलते. मागाहून ती मधला मार्गही सुचवते: “लेकराले ठेवा इथंच सहा मयने, तुमी दोघं जाऊन या.” अंगावर पिणारे बाळ सहा महिने आईविना कसे राहील, हा प्रश्न तिला अडचणीचा वाटत नाही, घरात म्हैस नाही पण शेजारी आहे. असे बाळ खरोखर दोन-दोन वर्षे अकोल्यात ठेवणारी घरेही आहेत, आणि ते बाळ पुढे आईबापांना व्हिडिओ कॉलमधले पाहुणे समजते. याहून बरा तोडगा म्हणजे आजीनेच सोबत जाणे. तो निघाला की चमत्कार घडतो: बाळाच्या प्रवासावरचे सर्व वैद्यकीय आक्षेप त्याच संध्याकाळी मावळतात, आणि चर्चा आजीच्या गुडघ्यांकडे वळते.

आजीला व्हिसा मिळाला नाही तरी विरोध एका ठिकाणी हमखास ढासळतो, आणि ते ठिकाण म्हणजे वजनकाटा. दोन वर्षांखालील बाळाला आईच्या मांडीवर बसून जाता येते, त्याचे भाडे आंतरराष्ट्रीय प्रवासात मोठ्यांच्या सुमारे दहा टक्के पडते, आणि अनेक कंपन्या या मांडीवरच्या प्रवाशालाही सामानाचा थोडा स्वतंत्र वाटा देतात. बाळाच्या नावावर आणखी एक बॅग नेता येते हे कळताच आजीच्या चेहऱ्यावरचा भाव पालटतो. लेकराला कुठे नेता, हा प्रश्न मागे पडून किती किलो नेता, हा प्रश्न पुढे येतो. मग शेवया, मेतकूट, ज्वारीचे पापड, वऱ्हाडी तिखट, डिंकाचे लाडू आणि उगाळून द्यायच्या बाळगुटीच्या मुळ्या व सहाण त्या बॅगेत शिरतात. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, म्हणून आई सहाण हळूच बाहेर काढते, आजी ती हळूच आत ठेवते, आणि ही देवघेव रात्री उशिरापर्यंत दोघींनी एकमेकींना न पाहिल्याचा बहाणा करून चालते. निम्मे सामान बाळ ज्या वयात खाऊ शकेल त्या वयाला अजून दोन वर्षे आहेत, हे कोणी बोलून दाखवत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी हा प्रसंग येऊ घातला आहे त्यांना एवढेच सुचवता येते की सहा आठवडे उलटू द्यावेत, त्या वेळची लस टोचून घ्यावी, आई आणि बाळ या दोघांच्याही डॉक्टरांना विचारावे, विमानातला पाळणा लावता येईल अशी पुढची जागा कंपनीकडून आधी पक्की करून घ्यावी आणि जन्मदाखल्यावर नाव चढवण्यापूर्वी अमरावतीला एक फोन करावा. महापालिका दुरुस्तीचा अर्ज घेते, आत्याबाई घेत नाहीत.